हिरवा आकडा

१७ फेब्रुवारी

धाकटे,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं, कारण ते वाचून तू म्हणाली असतीस, ताईला आज काय हवंय? मला काही नकोय. बाबांच्या मागे घराच्या वाटणीवरून आपण एकमेकींकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि फोनवर बोलायला गेलो की खुशाली विचारून व्हायच्या आत आवाज चढतात. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला माझं वाक्य मध्येच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

तुझ्या नवऱ्याने ह्यांना फोन करून मुंगीचं सगळं सांगितलं. तुमच्याकडच्या ओलीने भिंतींना बुरशी धरली आहे, पोरीची छाती सारखी भरते, नाकातोंडाला वाफेचा मुखवटा लावून बसावं लागतं आणि शाळा बुडते. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेच्या गावी काही महिने ठेवा, आणि तुला आपलं गाव आठवलं. आठवणारच. आपल्या लहानपणी छातीची माणसं इथे हवा खायला येत. टेकडीखालच्या बंगल्यांच्या व्हरांड्यात शाली पांघरून बसलेले म्हातारे आपण शाळेतून येताना मोजायचो आणि तू त्यांच्या खोकल्याची नक्कल करायचीस.

तर ऐक. तिला इथे पाठवू नकोस.

कोरडेपणा तेवढा शिल्लक आहे, हवा संपली. आता इथे हवा खायची झाली तर चावून खावी लागेल. सध्या थंडी सरत आलीय, म्हणजे दोन्हीकडून मार. पहाटे वीटभट्ट्यांचा धूर गार हवेत खालीच बसून राहतो, दार उघडलं की तोच आधी घरात येतो. ऊन तापल्यावर तो जरा उचलतो, तोवर टेकडीपलीकडे खडी फोडायची यंत्रं सुरू झालेली असतात. टेकडी निम्मी खाऊन झाली आहे. दुपारी वारा सुटला की गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर, जो बाराही महिने आतून जळत असतो, त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. काल त्या डोंगरावरची एक प्लास्टिकची पिशवी उडत येऊन दोरीवरच्या धुतलेल्या चादरीला चिकटली. तिच्या आत काय होतं ते लिहीत नाही, तू जेवत असशील.

नाक शिंकरलं की रुमाल काळा. पुरुषमंडळी रस्त्यात उभी राहून खाकरतात आणि तिथेच थुंकतात. ते वाळतं, फुफाट्यात मिसळतं आणि वाऱ्याबरोबर परत आपल्याच नाकात येतं. हे कळतं सगळ्यांना, पण शिसारी फक्त मला येते. तुझे भावोजी म्हणतात, तू फार नाक मुरडतेस. म्हटलं, त्याचा दुसरा काही उपयोग उरलाय का इथे?

मुंगीला दुसरीकडे कुठे तरी ने. माझं ऐक.

ताई


४ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, थोबाडीत मारलीस. लिहितेस, "ताई, मी फोनवर रोज बघते. आपल्याच घरासमोरच्या यंत्राचा आकडा येतो आणि तो रोज हिरवा असतो. 'हवा चांगली' असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्याकडे सुद्धा एवढा चांगला नसतो. तुला मी आणि माझी मुलगी त्या घरात नको आहोत, एवढं एका ओळीत लिहायचं. धूर आणि थुंकी कशाला मध्ये आणलीस?"

म्हणजे मी तुझ्या लेकीच्या दुखण्याच्या वेळीही खोटं बोलून दोन खोल्या वाचवतेय! माझ्याबद्दल तुला वाटायचं ते वाटू दे, पण त्या हिरव्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. तो कसा तयार होतो ते मला माहीत आहे, कारण तो माझ्याच घरात तयार होतो.

समोर पाणीपुरवठ्याचं कार्यालय आहे ना, त्याच्या गच्चीवर एक पांढरी पेटी बसवली आहे. वर उलटी वाटी ठेवल्यासारखं झाकण. हवेतली धूळ मोजते. अख्ख्या गावाला ती एकच. तू बघतेस ती गावाची हवा नव्हे, त्या पेटीच्या आसपासची हवा. मागच्या वर्षी शुद्ध हवेच्या शहरांची स्पर्धा निघाली. नगरपालिकेत मोठी बैठक भरली. भट्ट्या बंद कराव्यात तर भट्टीवाले नगरसेवकांचे मेहुणे. खडी थांबवावी तर खडीवाला नगराध्यक्षांचा सख्खा भाऊ. कचरा विझवावा तर पाणी कुठून आणायचं? सगळे डोकी खाजवत बसले. तेव्हा आमचे स्वच्छता निरीक्षक, म्हणजे तुझे भावोजी, उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, गाव धुता येणार नाही. पण पेटीच्या आजूबाजूचा तुकडा धुता येईल."

झालं. तेव्हापासून दिवसातून तीनदा टँकर येतो. मागे फवाऱ्याची तोफ लावलेली. कार्यालयाच्या कोपऱ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत रस्ता, भिंती, झाडं, उभ्या गाड्या, झोपलेली कुत्री, सगळी न्हाऊन निघतात. गल्लीत त्याला पेटीची आंघोळ म्हणतात. गिरणीवाल्याला दारावर ताडपत्री लावायला लावली आहे, तो आत पीठ खात बसतो. गिरणीच्या पुढे पाऊल टाकलंस की पुन्हा घोट्याएवढा फुफाटा.

गावाला दुसरा नंबर मिळाला. ह्यांच्या हातात ढाल देतानाचा फोटो निघाला. ती ढाल बाबांच्या फोटोशेजारी ठेवली आहे, आणि शुद्ध हवेच्या त्या ढालीवरची धूळ मी रोज पुसते. सकाळी गावातले पेन्शनर आमच्या गल्लीत येऊन लांब लांब श्वास घेतात आणि दहा वाजता आपापल्या धुरात परत जातात. इथले घरमालक भाडेकरूला आता नळ दाखवत नाहीत, गच्चीवरची पेटी दाखवतात. आणि तो टँकर पूर्वी कुठे जायचा, विचार. खडीच्या खाणीमागच्या वस्तीत, प्यायचं पाणी घेऊन.

किळस आली ना? मला रोज तीनदा येते, टँकरच्या वेळेला.

आता तरी पाठवू नकोस.

ताई


२३ मार्च

धाकटे,

पोहोचली.

तुझा नवरा तिला, एक बॅग आणि औषधांची पिशवी दारात ठेवून पुढच्याच बसने परत गेला. पाणीही प्यायला नाही. मुलगी आहे की कुरिअरचं पार्सल? मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, तुझ्या घरात बुरशी कुठे आहे?" तिला वाटतं, प्रत्येक घरात एक भिंत बुरशीची असते.

पाच वर्षांनी पाहिलं तिला. बोटभर होती, आता माझ्या कोपराला लागते. तिचा चेहरा कोणावर गेलाय ते मी सांगणार नाही, तू चढून बसशील. तुझी खोली झाडून तिला दिली आहे.

आता जे लिहिणार आहे ते मला तुझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. आल्यापासून तिला वाफ द्यावी लागलेली नाही. शिटी वाजल्यासारखा तो श्वास पहिल्या दिवशी होता, आता नाही. काल तर गॅलरीच्या गजांवर चढून ती पेन्शनरांना हात करत होती आणि खाली उतरवताना मी दमले, ती नाही. कोरड्या हवेने आणि टँकरच्या पाण्याने, दोन्ही मिळून, या एका गल्लीत खरंच बरं वाटण्यासारखी हवा झाली आहे. ज्या थेराला मी वर्षभर नावं ठेवली, त्याचाच तुझ्या लेकीला गुण आला. मला आनंद व्हायला हवा. होतोही, पण टँकर आला की तो टिकत नाही.

तिला मी गिरणीच्या पुढे जाऊ देत नाही. तिनेच मला दाखवलं, "मावशी, इथे रस्त्याला रेघ आहे. अलीकडे काळा रस्ता, पलीकडे पांढरा. रेघेच्या पलीकडे कोण राहतं?"

म्हटलं, "बाकीचे."

"त्यांना का नाही धूत?"

म्हटलं, "चल, दूध पी."

ती आता रेघेवर एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून उभी राहते आणि मला चिडवते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीशी तिची गट्टी जमली आहे. ही बाई खाणीमागच्या वस्तीत राहते आणि तिची हातगाडी रेघेच्या बरोबर आत लावते. मला सांगत होती, "ताई, इथं कपडे दुसऱ्यांदा झटकावे लागत नाहीत बघा." मुंगी तिला गुंड्या मोजून देते.

हे तिला सायकल आणून देणार आहेत म्हणे. आम्हाला मूलबाळ नाही, तर ह्यांना सगळं एकदमच करायचंय. मी म्हटलं, गल्ली केवढी, सायकल केवढी! पण आणतील.

ताई


१९ एप्रिल

धाकटे,

मुंगी छान आहे. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

उन्हाळा पेटलाय. आता रोज दुपारी वावटळ उठते, टेकडीच्या बाजूने पिवळी भिंत चालून येते आणि तासभर समोरचं घर दिसत नाही. दवाखान्यांत रांगा. आणि तुझ्या फोनवर? हिरवा. ह्यांनी टँकरच्या दोन खेपा वाढवून घेतल्या. शेजारच्या सगळ्या गावांचे आकडे लाल आणि आमचा एकट्याचा हिरवा, त्यामुळे वरच्या कचेरीतून एक अधिकारी बाई न कळवता येऊन उभ्या राहिल्या. हे तेव्हा कचरा डेपोवर होते. बाईंनी आधी गच्चीवर जाऊन पेटी पाहिली, खाली येऊन ओल्या रस्त्यावर चप्पल घासून पाहिली, मग वर माझ्याकडे पाहिलं. सगळ्यात जवळची गॅलरी माझीच.

"काकू, एक विचारू? हा पाण्याचा फवारा फक्त याच गल्लीत मारतात का?"

माझ्या मागे स्वयंपाकघरात मुंगी कसलंतरी गाणं म्हणत होती. एका दमात म्हणत होती गं. आल्या दिवशी तिला दोन शब्दांनंतर थांबावं लागायचं.

मी म्हटलं, "छे हो. गावभर मारतात. सगळीकडेच."

"नक्की?"

"मी इथलीच आहे. मला माहीत नसणार?"

बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. खाली इस्त्रीवाली हातात इस्त्री धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शर्टाची कॉलर दाबायला लागली.

एवढं सराईत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. हे वर्षभर जे बोलतात त्याला मी नाकं मुरडली, आणि माझी वेळ आली तेव्हा मला अडखळायलाही झालं नाही. संध्याकाळी हे घरी आले, कचेरीत सगळं कळलं होतं. दारातच म्हणाले, "वाचवलंस बाई." आणि मुंगीसाठी सायकल आणली. लाल. मला त्यांच्या त्या आनंदी तोंडाकडे बघवेना. आरशातही बघवेना.

इस्त्रीवाली कपडे द्यायला आली तेव्हा मी सुरुवात केली, "अगं, मघाशी मी त्या बाईंना..."

"असू दे ताई," ती म्हणाली. "लेकरू आहे घरात. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच बोलले असते." कपडे मोजून टेबलावर ठेवले आणि जाता जाता म्हणाली, "फक्त आमच्याकडं पाणी येईनासं झालंय, टँकर सगळा इकडंच असतो. तेवढं साहेबांच्या कानावर घाला जमलं तर."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी उलटून बोलले असते. तिने विनंती केली. तिच्यामागे दार लावलं आणि मोरीत जाऊन ओकले.

ताई


३० एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र कालच आलं, आणि पहिल्यांदाच तू त्यात 'लाडके ताई' लिहिलंस. तीनदा वाचलं. मुंगीचे फोटो पाहून तू रडलीस, माझं चुकलं म्हणालीस, आणि खाली लिहिलंस की तुम्ही सगळेच इकडे राहायला यायचं ठरवताय. तू नोकरी सोडणार, तिकडची जागा सोडणार, जूनपासून मुंगी इथल्या शाळेत. "ताई, तिचं नाव घालून ठेव. आपण दोघी पुन्हा एका घरात राहू."

हे वाक्य वाचायला मी किती वर्षं थांबले होते ते तुला माहीत नाही. आणि तेच वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं.

शाळा रेघेच्या आत नाही, धाकटे. शाळा टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी आहे, खडीच्या यंत्रांच्या तोंडावर. तरी मी मनाला म्हटलं, बघून तर येऊ. आपल्याला हवं असलं की माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतं. मुंगीच्या तोंडाला ओला रुमाल बांधला आणि तिला रिक्षाने घेऊन गेले.

मैदानात क्रीडास्पर्धेचा सराव चालला होता. दोनशे मुलं धावत होती आणि त्यांच्या पायाने उठलेल्या धुळीत फक्त डोकी दिसत होती. वरून खडीची पांढरी भुकटी पडत होती. मुलांचे केस, भुवया पांढऱ्या, शाळाभर छोटे छोटे म्हातारे. कडेला काही मुलं वाकून खोकत होती, आणि शिक्षक शिटी वाजवून त्यांना पुन्हा रांगेत घेत होते. वर्गात गेलो तर बाकांवर बोट बुडेल एवढा थर. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, "अहो, या हवेत मुलांना पळवता?"

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी फोन काढून माझ्यासमोर धरला. "आम्हाला नियमच आहे काकू. आकडा लाल असला की मैदान बंद, खिडक्या बंद, लहान वर्गांना सुट्टी. मी रोज सकाळी बघते. पण हा बघा, हिरवा आहे. हिरवा असताना सराव बंद ठेवला तर मलाच वर उत्तर द्यावं लागतं." त्यांच्या स्वतःच्या आवाजात खरखर होती.

माझ्या गल्लीतला आकडा! मी वाचवलेला! तो त्या बाईंच्या हातात चमकत होता, आणि त्याच्यावर विसंबून दोनशे पोरं भुकटी गिळत होती. आजवर मला वाटायचं, आमच्या गल्लीत नाटक चालतं, फार तर कोणाचं पाणी पळतं. ते नाटक बघून गावभर खिडक्या उघड्या ठेवतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत येताना रिक्षात मुंगीला धाप लागली. ती नुसती उभी होती गं तिथे, एक पाऊल धावली नव्हती. ओठ निळसर झाले. तिने माझा हात असा काही धरला की अजून नखांच्या खुणा आहेत. दवाखान्यात बाकावर आधीच रांगेने मुलं मुखवटे लावून बसली होती. त्यातली दोन त्याच मैदानातली, गणवेशातच. डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जी असेल. कारण हवा तर चांगली दाखवतेय." मी त्यांच्यावर एवढ्या जोरात ओरडले की कंपाउंडर आत आला.

मुंगी आता बरी आहे, झोपली आहे. पण तू राजीनामा देऊ नकोस. दिला असलास तर मागे घे.

ताई


३ मे

धाकटे,

हे पत्र घेऊन जे दारात उभे आहेत, त्यांना आत घे. मुंगीला त्यांच्या हातून घे आणि मग हे वाच.

परवा सकाळी हे चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "त्या अधिकारी बाईंचा नंबर द्या."

"कशाला?"

"खरं सांगायला."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "अगं, वर्षभर राहिलंय माझं. पेन्शन अडकवतील." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "मी पेटीला कधी हात लावलेला नाही. रस्ता भिजवला फक्त." मी म्हटलं, "तुम्ही शाळेत चला माझ्याबरोबर. मैदान बघा, मग हेच वाक्य तिथे उभे राहून म्हणा." त्यांना राग आला. मुंगी इथे आहे तोवर तरी गप्प बस म्हणाले, टँकर थांबला की हिचं काय होणार? मीही तोच हिशेब रात्रंदिवस केला होता. मी म्हटलं, "हिला तिच्या आईकडे पोहोचवू. बाकीच्यांना कुठे पोहोचवणार?"

मग त्यांनी खिशातून चष्मा काढला. फोनमध्ये नंबर काढला, फोन टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि उठून गॅलरीत गेले.

मी बाईंना सगळं सांगितलं. टँकर, तोफ, खेपा, कुठून कुठपर्यंत, आणि मी त्या दिवशी खोटं बोलले ते. बाई म्हणाल्या, सोमवारी माणसं घेऊन येते, तोवर काही हलवू नका. फोन ठेवला तर हे दारात उभे.

"माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर टँकरच्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातलं असतं पालिकेतल्यांनी." आणि बाहेर जाऊन दोन तिकिटं काढून आले. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मुंगीची बॅग मात्र त्यांनीच भरली. तिच्या औषधांवर कुठलं कधी द्यायचं ते मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं. लाल सायकल बसच्या टपावर घेणार नाही म्हणाला, तर तिकिटं काढतानाच कंडक्टरशी भांडून आले.

मुंगीला मी एवढंच सांगितलं की आईकडे जायचंय. ती म्हणाली, "मावशी, मी काही केलं का?" मी म्हटलं, "नाही गं, माझे बाई." आणि तिच्या बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली.

सोमवारनंतर आमची गल्ली इतर गावासारखीच होईल. आकडा लाल होईल. शेजारीपाजारी माझ्या दारावर येऊन बोलतील, आतापासूनच कुजबूज सुरू झाली आहे. बोलू देत. टँकर वस्तीत जाईल की नगराध्यक्षांच्या बागेत, याची मला खात्री नाही. भट्ट्या चालूच राहतील, खडी फुटतच राहील. या गावाचा आणि इथल्या माणसांचा मला वीट आला आहे, आणि त्यांच्यात मीही आले. पण शाळेतल्या बाईंना निदान सकाळी खरं दिसेल आणि त्या मैदान बंद ठेवतील.

आता तुझं. तू म्हणशील, मी यायचं ठरवलं आणि ताईने आठवड्याच्या आत माझ्या मुलीला घरातून काढून परत पाठवलं. मी नोकरी सोडायला निघाले होते, तेवढ्यात तिने दार लावलं. बाहेरून बघणाऱ्याला ते तसंच दिसणार. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं, आणि आयुष्यभर तोंड बघितलं नसतं.

म्हण. घर गिळलं म्हण, लेकीला हाकललं म्हण, माझं नाव टाक. फक्त तिला इथे पुन्हा पाठवू नकोस.

ह्यांना पाणी दे. प्रवासाने त्यांचा घसा बसला असेल. सोमवारच्या आत परत निघतो म्हणतील, निघू दे. बाई आल्या की त्यांना स्वतः समोर उभं राहायचंय.

तुझी ताई